तळमजल्यावरचं टेबल

गेल्या महिन्यात पेपरात मी आठ ओळींची एक चौकट दिली होती. जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या लिपिकाची नजर नोकरीत असतानाच अधू झाली. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. बसायला तळमजल्यावर टेबल, कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आणि परिपत्रकं फोटो काढून न पाठवता टाइप केलेल्या फाइलमध्ये पाठवावीत. उत्तर तोंडी मिळालं : स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, लवकर मंजूर करून घेऊ.

बातमीपेक्षा बातमीवर आलेले फोन जास्त बोलके होते. एक निवृत्त मुख्याध्यापक, माणूस सज्जन, मला म्हणाले, "अहो, संस्थेनं एकेकाचे किती लाड करायचे?" दुसऱ्यांनी विचारलं की सवलत द्यायचीच तर पगार निम्मा का करू नये. लाड, सवलत, मेहरबानी, माणुसकी असे सगळे शब्द त्या दोन दिवसांत ऐकून झाले. कायद्यात यातला एकही शब्द नाही. कायद्यातला शब्द आहे 'रीझनेबल अकोमोडेशन'. मी त्याला मराठीत 'वाजवी सोय' म्हणतो. तो आपल्या कायद्यात कसा आला, हे लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गंमत म्हणजे हा शब्द अपंगत्वासाठी जन्माला आलाच नव्हता. अमेरिकेत १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला. नोकरीत वंश, धर्म वगैरेंवरून भेदभाव करायचा नाही, असं त्यात होतं. मग प्रश्न आला की ज्याच्या धर्मात शनिवारी काम वर्ज्य आहे, त्याला मालकानं शनिवारी बोलावलं तर? १९७२ च्या दुरुस्तीनं उत्तर दिलं : धंद्यावर फार मोठा बोजा पडत नसेल तर मालकानं त्याची वाजवी सोय केली पाहिजे. म्हणजे मूळ कल्पना साधी होती. नियम सगळ्यांना सारखाच लावला तरी एखाद्यावर तो अन्याय करतो, आणि तेव्हा थोडा नियम वाकवायचा असतो. लवकरच हीच कल्पना अपंगांच्या हक्कांसाठी वापरात आली.

तिथे ती पोचवणाऱ्यांमध्ये विद्यापीठातली माणसं बरीच होती. त्यांतलं एक नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. जेकोबस टेनब्रोक. जन्म १९११, कॅनडातला. लहानपणी बाण लागून एक डोळा गेला, पुढे दुसराही गेला. पूर्ण अंध असलेला हा माणूस कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला प्राध्यापक झाला. १९४० साली त्यांनी अमेरिकेतल्या अंधांची राष्ट्रीय संघटना उभी केली. अंधांनीच चालवलेली संघटना, अंधांसाठी इतरांनी चालवलेली नव्हे, हा त्यांचा आग्रह. १९६६ मध्ये त्यांनी कायद्याच्या नियतकालिकात एक लांबलचक लेख लिहिला. मुद्दा असा की रस्ता, फुटपाथ, इमारत, बस यांचा हिशेब कायदा फक्त धडधाकट माणसाला धरून करतो. काठी घेऊन चालणारा अंध माणूस उघड्या खड्ड्यात पडला, तर कोर्ट विचारतं, हा घराबाहेर पडलाच कशाला? टेनब्रोक म्हणत होते की जगात वावरण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि खड्डा खणणाऱ्यानं तोही येणार हे धरूनच चाललं पाहिजे. आमच्या बसस्टँडसमोर गटारावरची झाकणं तीन पावसाळे झाले गायब आहेत, तिथून जाताना मला हा लेख आठवतो.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या पुनर्वसन कायद्यात कलम ५०४ आलं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेनं अपंगत्वावरून भेदभाव करायचा नाही. विद्यापीठं सरकारी पैशावर चालतात, म्हणजे तीही यात आली. पण कायदा झाला तरी नियम निघेनात. चार वर्षं फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. (ओळखीचं वाटतंय ना?) शेवटी एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून जास्त अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शिरली आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथेच बसून राहिली. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंध, कुणी कर्णबधिर. औषधांची पंचाईत, झोपायला फरशी. बाहेरून ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते जेवण आणून देत होते. पुढाकार घेणाऱ्यांत ज्युडिथ ह्यूमन होत्या. पोलिओमुळे व्हीलचेअर वापरणाऱ्या या बाईंना १९७० साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं शिक्षिकेचा परवाना नाकारला होता. कारण काय, तर आग लागली तर तुम्ही मुलांना बाहेर कसं काढणार? त्या कोर्टात गेल्या आणि शिक्षिका झाल्या. २८ एप्रिल १९७७ ला नियमांवर सही झाली आणि वाजवी सोय नोकरीच्या नियमांत आली. १९९० च्या अपंगत्व कायद्यानं ती खासगी कंपन्यांनाही लागू केली.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढचं प्रकरण थेट विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पॅट्रिशिया गॅरेट या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅममधल्या रुग्णालयात परिचारिका होत्या. साध्या नव्हेत, प्रसूती आणि नवजात बालकांच्या विभागाच्या परिचर्या संचालक. १९९४ मध्ये स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो, लांब रजा. जुलै १९९५ मध्ये त्या कामावर परतल्या तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं, संचालकपद सोडावं लागेल. कमी पगाराच्या जागेवर त्यांना जावं लागलं. त्यांनी १९९० च्या कायद्याखाली नुकसानभरपाईचा दावा लावला. विद्यापीठ म्हणालं, आम्ही राज्य सरकारचा भाग आहोत, आणि राज्यावर असा दावा चालत नाही. २१ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी विद्यापीठाचं म्हणणं मान्य केलं. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनं समानतेचा हक्क दिलाय खरा, पण अपंग कर्मचाऱ्याची खास सोय करायला ती दुरुस्ती राज्याला बांधत नाही, असा त्यातला अर्थ.

आता योगायोग बघा. ही चौदावी दुरुस्ती गुलामगिरीविरोधी चळवळीतून कशी उगवली, यावर १९५१ साली टेनब्रोक यांनीच पुस्तक लिहिलं होतं. आयुष्यभर ज्या दुरुस्तीचा अभ्यास केला, तिचाच संकुचित अर्थ लावून एका विद्यापीठानं आपल्याच कर्मचारी बाईला दारात अडवलं. टेनब्रोक १९६८ मध्ये गेले, त्यांना हे बघावं लागलं नाही. गॅरेटबाईंसाठी एक फट मात्र उरली. कलम ५०४ हे पैशाला बांधलेलं आहे. केंद्राचा पैसा घेतलाय ना, मग त्याच्या अटीही पाळा. हक्काचा दरवाजा बंद झाला, अनुदानाची खिडकी उघडी राहिली.

हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं? तर आपल्या कायद्याची याच ठिकाणी उलटी बाजू आहे, आणि ती आपल्या बाजूनं आहे. आपल्याकडे सरकार आणि सरकारच्या पैशावर चालणारी संस्था यांच्यावरच सर्वांत जास्त जबाबदारी आहे. पण तिथवर यायला आपल्यालाही वेळ लागलाच.

माझ्या लहानपणी अंध माणसाची नोकरी म्हणजे तीन गोष्टी : खुर्च्या विणणं, संगीत शिकवणं, नाहीतर टेलिफोन ऑपरेटर. मोठ्या कचेऱ्यांत, विद्यापीठांत फोनच्या बोर्डावर अंध ऑपरेटर असायचे, सगळी एक्स्टेन्शन तोंडपाठ. पुढे बोर्ड गेले, आपोआप जोडणारी यंत्रं आली, आणि ही जागाही गेली. १९७७ मध्ये केंद्र सरकारनं क आणि ड गटात तीन टक्के जागा राखल्या. क आणि ड, लक्षात घ्या. अपंग माणूस फार तर कारकून किंवा शिपाई होईल, प्राध्यापक किंवा कुलसचिव होईल हे तेव्हा सरकारच्या स्वप्नातही नव्हतं. त्या तीन टक्क्यांचीही अंमलबजावणी होईना म्हणून मार्च १९८० मध्ये दिल्लीत अंधांनी मोर्चा काढला, तर त्यांच्यावर लाठीमार झाला. पांढरी काठी हातात असलेल्या माणसांवर. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, आपण आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष साजरं केलं.

डिसेंबर १९९५ मध्ये संसदेत पहिला कायदा झाला. त्याआधी जावेद आबिदी आणि त्यांचे साथीदार संसदेच्या दारात धरणं धरून बसले होते. आबिदी स्वतः व्हीलचेअरवर, आणि गंमत म्हणजे पेशानं सुरुवातीला पत्रकार. या कायद्यात 'वाजवी सोय' हा शब्द अजून नव्हता. पण एक कलम फार मोलाचं होतं, ४७ वं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येणार नाही आणि त्याचा हुद्दाही खाली आणता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्या. दुसरी जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत, किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत, अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवा.

हे कलम किती पक्कं आहे ते २००३ मध्ये कळलं. कुणाल सिंग नावाचा विशेष सेवा दलातला हवालदर्जाचाही नसलेला साधा शिपाई. पायाला जखम झाली, पाय कापावा लागला, दलानं घरी पाठवलं. बाजू मांडली की त्याला आजारपणाचं निवृत्तिवेतन दिलंय, आता काय हवं? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पेन्शन दिली म्हणून ४७ वं कलम टळत नाही. मग आमच्या लिपिकाला 'स्वेच्छानिवृत्ती घ्या' म्हणणाऱ्या मंडळींनी हा निकाल वाचलाय का, असा प्रश्न मला पडतो. कारण स्वेच्छानिवृत्तीत खरी ग्यानबाची मेख आहे. संस्था काढत नाही, माणूस स्वतःहून जातो. कागदावर कायदा कुठेच मोडत नाही.

भरतीत वेगळाच खेळ चालला. अपंगांसाठी कोणती पदं योग्य, याची यादी करायची आणि तीन टक्के त्या यादीतल्या पदांवरच मोजायचे. यादी जेवढी आखूड, तेवढ्या जागा कमी. ८ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं हा हिशेब मोडून काढला : टक्का संवर्गातल्या एकूण पदांवर मोजा. मधल्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगानं एक चांगलं काम केलं होतं, त्याचंही श्रेय देऊ. अंध प्राध्यापकांना वाचून दाखवणारा माणूस ठेवता यावा, ब्रेल आणि ध्वनिमुद्रित साहित्य घेता यावं, यासाठी अर्थसाहाय्याची योजना आयोगानं आणली होती. वाचक ठेवायचा पैसा देणं ही वाजवी सोयच झाली, फक्त तेव्हा ती योजना होती. पैसे आहेत तोवर चालू, संपले की बंद. योजनेचा हक्क व्हायला अजून अवकाश होता.

तो शब्द शेवटी न्यूयॉर्कमार्गे आला. १३ डिसेंबर २००६ ला संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या दुसऱ्याच अनुच्छेदात वाजवी सोयीची व्याख्या आहे, आणि ती नाकारणं म्हणजे भेदभाव, असंही लिहिलंय. १ ऑक्टोबर २००७ ला भारतानं तो मान्य केला. त्यानुसार कायदा बदलायला आपण नऊ वर्षं लावली. डिसेंबर २०१६ मध्ये, देश नोटाबंदीच्या रांगेत उभा असताना, नवा कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं, तीनऐवजी चार टक्के आरक्षण. कलम २० म्हणतं की प्रत्येक सरकारी आस्थापनेनं अपंग कर्मचाऱ्याला वाजवी सोय आणि अडथळामुक्त वातावरण दिलंच पाहिजे. जुनं ४७ वं कलमही याच २० मध्ये येऊन बसलं. आणि सरकारी आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. कायद्यानं स्थापन झालेली संस्था आणि सरकारी अनुदान घेणारी संस्था, दोन्ही त्यात येतात. म्हणजे विद्यापीठ आलं, अनुदानित कॉलेजही आलं. अलाबामा विद्यापीठानं जी पळवाट काढली, ती इथे नाही.

शब्दांचा प्रवासही सांगून टाकतो. आमच्या शाळेत 'अपंग' होतं, पेपरात 'विकलांग' लिहायचो, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये 'दिव्यांग' सुचवल्यापासून सरकारी पाट्या बदलल्या. पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण आयुक्तालय झालं. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र खातंही काढलं, ते चांगलंच झालं. पण पाटी बदलणं सोपं असतं, पाटीखालच्या पायऱ्या तशाच राहतात. माझ्या ओळखीचे काही जण 'दिव्यांग' अभिमानानं म्हणतात, काहींना त्याचा राग येतो. त्यांचं त्यांनी ठरवावं.

वाजवी म्हणजे किती? इथे संस्थाचालकांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. कायदाही म्हणतो की अवाजवी बोजा पडता कामा नये. तीनमजली जुन्या इमारतीला लिफ्ट बसवणं लहान संस्थेला जड जाईल, मान्य. पण मग टेबल खाली आणा. ११ फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार निकाल इथे उपयोगी पडतो. त्या मुलाला हात आखडण्याचा त्रास होता, लिहिणं जमत नव्हतं, परीक्षेत लेखनिक हवा होता. तुझं अपंगत्व चाळीस टक्क्यांत बसत नाही म्हणून नकार मिळाला. न्यायालयानं सांगितलं, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या ठराविक लाभांसाठी आहे, वाजवी सोय प्रत्येक अपंग व्यक्तीचा हक्क आहे. आणि सोय काय हवी हे त्या व्यक्तीशी बोलून ठरवायचं असतं. बोलून! आमच्या लिपिकाशी कुणी पाच मिनिटं बोललं असतं तरी कळलं असतं की तिन्ही मागण्यांचा खर्च जवळजवळ शून्य आहे. वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं ते सुरू केलं, महागडी सॉफ्टवेअर परवडत नाहीत म्हणूनच.

खरी अडचण आपल्या फाँटची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. युनिकोड मराठी एनव्हीडीए वाचू शकतं. पण कचेऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला ढीग पडलाय. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, आत मात्र कुठलं तरी रोमन चिन्ह असतं. डोळ्यांना मराठी, मशीनला बाराखडीचा चिवडा. त्याहून वाईट म्हणजे टाइप केलेलं पत्र छापायचं, सही-शिक्का मारायचा, आणि पुन्हा स्कॅन करून पाठवायचं. स्कॅन म्हणजे फोटो. फोटोतली अक्षरं हे सॉफ्टवेअर थेट वाचू शकत नाही. अंध कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं ते पत्र कोरं. सही केलेल्या प्रतीसोबत मूळ फाइलही जोडली की काम झालं. यात अवाजवी बोजा कुठला?

इमारतींचं काय झालं? नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी अनुदान आयोगानं उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं केंद्राचा १५ वा नियमच बेकायदा ठरवला, कारण कायदा 'केलंच पाहिजे' म्हणतो आणि नियम 'करता आलं तर बरं' अशा सुरात होता. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत, त्यांची याचिका २००५ ची. त्या निकालात एक फरक नीट मांडलाय : सुगमता आधीच, सगळ्यांसाठी करून ठेवायची असते, आणि वाजवी सोय त्यानंतर, एकेका माणसाच्या गरजेप्रमाणे. रॅम्प आधीपासून हवा. टेबलाची उंची माणूस आल्यावर बघता येते.

आता मला सर्वांत जास्त छळणारा मुद्दा. हे सगळं संरक्षण कायम नोकरीतल्या माणसाला पुरतं. आज आपल्या कॉलेजांत शिकवणारे किती जण तासिका तत्त्वावर आहेत, कार्यालयात किती जण ठेकेदाराकडून आलेत, हे तुम्ही बघताच. त्यांना काढावंच लागत नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावलं नाही की झालं. तासिका तत्त्वावरच्या एका बाईंना ऐकू कमी येतं. कानाच्या यंत्राला त्रास होतो म्हणून रस्त्यालगतची वर्गखोली बदलून मागण्याची त्यांची हिंमत होत नाही. त्यांनी मला सांगितलं, "सर, मागितलं तर पुढच्या वर्षी तासच मिळायचे नाहीत." त्यामुळे त्या अजून कुणाला सांगतच नाहीत. कलम २० मागायला आधी आपलं अपंगत्व उघड करावं लागतं, आणि उघड करायची भीती वाटावी अशीच नोकरीची रचना आपण केली आहे. त्यात २०२४ मध्ये बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून खऱ्या माणसांकडेही संशयानं बघितलं जातंय. पडताळणी जरूर करा, पण पडताळणी चालू आहे म्हणून तोवर सोय थांबवायची, असं कायद्यात कुठेही नाही.

लिपिकाचं काय झालं ते विचारताय म्हणून सांगतो. त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलेला नाही. कलम २० चा उल्लेख करून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही हवी, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. त्यांच्या कॉलेजात असा अधिकारी कोण, हे कार्यालयात कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून मी माहितीच्या अधिकारात जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजांना तीन प्रश्न टाकतोय : कलम २१ चं समान संधी धोरण कधी जाहीर केलं, कलम २२ ची अपंग कर्मचाऱ्यांची आणि त्यांना दिलेल्या सोयींची नोंद कुठे आहे, आणि कलम २३ चा अधिकारी कोण. तुमच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात कुणी असेल तर त्याचं पद मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव नको, पद चालेल. उत्तरं आली की इथेच टाकतो.